ग्राहकाने कार्बनचा हिशेब मागितलाय. फाउंड्रीने सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत वडिलांनी सुरू केलेली फाउंड्री (लोखंड ओतायचा कारखाना) तुम्ही चालवता. इंडक्शन फर्नेसवर (विजेवर चालणाऱ्या भट्टीवर) महिन्याला साधारण ३०० टन चांगलं कास्टिंग (ओतीव माल) निघतं. तुमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाने, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या एका वाहन कंपनीने, लांबलचक एक्सेल शीट पाठवून ती तीन आठवड्यांत भरून मागितली आहे. तिच्यात स्कोप १, २, ३, पाणी, कचरा, अपघात, महिला कर्मचारी असं सगळं आहे. सल्लागाराने चार लाख सांगितले. अकाउंटंट म्हणतो, ओळखीच्या फाउंड्रीने भरलेली शीट मिळवू आणि आपले आकडे तिच्या आसपास टाकून देऊ. हे कायद्याने बंधनकारक आहे का, आकडे वाईट आले तर काम जाईल का, आणि नेमकं करायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

अकाउंटंटने सुचवलेली वाट धरू नका, हे आधीच सांगतो. फाउंड्र्यांची ऊर्जा तपासणी करण्यात माझी वीस वर्षं गेली आणि गेली काही वर्षं मी या शीट दोन्ही बाजूंनी पाहतोय: पुरवठादाराच्या टेबलावर भरताना आणि मोठ्या कंपनीच्या टेबलावर तपासताना. एकदा एका कंपनीच्या कार्यालयात आम्ही सात-आठ कास्टिंग पुरवठादारांचे आकडे शेजारी-शेजारी मांडले. दोघांचे विजेचे प्रतिटन युनिट दशांशापर्यंत सारखे निघाले. एकाकडे एक टनाची नवी फर्नेस, दुसऱ्याकडे पंधरा वर्षांची जुनी, आणि आकडा एकच! ज्याने खरा भरला होता त्यालाही तेवढ्यासाठी बारा महिन्यांची बिलं घेऊन पुण्याला यावं लागलं. ज्याने दुसऱ्याचा आकडा उतरवून घेतला होता त्याच्या बाकीच्या शीटवरचा, गुणवत्तेच्या कागदांवरचासुद्धा विश्वास गेला. चुकीचा आकडा दुरुस्त करता येतो, उसना आकडा दुरुस्त करता येत नाही, कारण त्याच्यामागे उघडून दाखवायला काहीच नसतं.

आता कायद्याचं मिटवू. सेबीने १० मे २०२१ च्या परिपत्रकाने बीआरएसआर हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल आणला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना तो सक्तीचा झाला. १२ जुलै २०२३ ला त्यातलेच मोजता येण्याजोगे निवडक निर्देशक वेगळे काढून बीआरएसआर कोअर ठरवण्यात आला. त्याची बाहेरच्या माणसाकडून तपासणी पहिल्या १५० कंपन्यांपासून सुरू होऊन टप्प्याटप्प्याने २०२६-२७ मध्ये सगळ्या १००० पर्यंत पोचायची, असं वेळापत्रक ठरलं. त्याच चौकटीत पुरवठा साखळीचाही भाग आहे. खरेदी किंवा विक्रीच्या मूल्यात ज्याचा एकट्याचा वाटा २ टक्के किंवा जास्त आहे, अशा भागीदारांची माहिती पहिल्या २५० कंपन्यांनी द्यायची. मार्च २०२५ मध्ये सेबीने हा भाग ऐच्छिक केला.

म्हणजे तुमच्यासारख्या नोंदणी नसलेल्या फाउंड्रीवर सेबीचं थेट बंधन नाही. शिवाय मोठ्या वाहन कंपनीच्या एकूण खरेदीत कोल्हापूरच्या एका फाउंड्रीचा वाटा दोन टक्के असणं अवघडच. तरी शीट आली, कारण त्या कंपनीने स्वतः उत्सर्जन घटवण्याचं जाहीर केलेलं असतं, तिला परदेशी ग्राहक आणि गुंतवणूकदार विचारत असतात, आणि तिच्या स्वतःच्या प्लांटमध्ये जेवढा कार्बन निघतो त्याच्या कितीतरी पट तिने विकत घेतलेल्या मालात आणि विकलेल्या गाड्यांच्या धुरात असतो. तुमचं कास्टिंग त्या विकत घेतलेल्या मालात मोडतं. तुमच्यासाठी हा कायद्याचा नव्हे, व्यवहाराचा प्रश्न आहे: परचेसवाला ज्या कारणासाठी पीपीएपीचे (पार्टच्या मंजुरीचे) कागद मागतो, त्याच कारणासाठी आता हेही मागतोय.

स्कोपचे शब्द बोजड आहेत, अर्थ साधा आहे. जगभर यासाठी जीएचजी प्रोटोकॉल नावाची हिशेबाची पद्धत वापरतात, ती २००१ पासून आहे. स्कोप १ म्हणजे तुमच्या कंपाउंडमध्ये आणि तुमच्या मालकीच्या गाड्यांत जे जळतं ते: जनरेटरचं डिझेल, लॅडल (धातू ओतायचं भांडं) तापवायचा एलपीजी, टेम्पोचं इंधन. स्कोप २ म्हणजे तुमच्यासाठी दुसरीकडे जळतं आणि तारेतून येतं ते, म्हणजे वीज. स्कोप ३ म्हणजे गेटच्या आधीचं आणि गेटच्या नंतरचं सगळं: पिग आयर्न (कच्चं लोखंड), स्क्रॅप, फेरो अलॉय, वाळू, बेंटोनाइट, ट्रकवाहतूक. या तिसऱ्याचे पंधरा प्रकार ठरवलेले आहेत. पहिल्या वर्षी त्या पंधरांच्या मागे लागलात तर शीट पुरी होणार नाही.

तुमच्या आकाराच्या फाउंड्रीचं गणित मांडून दाखवतो. वर्षाला ३६०० टन चांगलं कास्टिंग आहे. वाळू प्लांट, कॉम्प्रेसर, शॉट ब्लास्ट (छर्रे मारून सफाई), फेटलिंग (कास्टिंगच्या कडा घासणं) धरून प्रत्येक चांगल्या टनामागे समजा १२०० युनिट लागतात. म्हणजे वर्षाचे ४३.२ लाख युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी भारतीय ग्रिडचा सरासरी उत्सर्जन गुणांक जाहीर करतं. २०२३-२४ साठी तो प्रति हजार युनिट ०.७२७ टन कार्बन डायऑक्साइड आहे. गुणाकार केला की साधारण ३१४० टन येतात. डिझेल वर्षाला १२ हजार लिटर, लिटरमागे सुमारे २.६८ किलो, म्हणजे ३२ टन. एलपीजी ३० टन असेल तर टनामागे जवळजवळ ३ टन धरून ९० टन. बेरीज ३२६२ टन, म्हणजे एक टन कास्टिंगमागे साधारण ०.९ टन.

या बेरजेकडे नीट पाहा. शंभरातले शहाण्णव भाग विजेचे आहेत. कुणी तुम्हाला टेम्पोच्या डिझेलच्या पावत्यांवर आठवडाभर बसवत असेल तर त्याला थांबवा आणि महावितरणची बारा बिलं टेबलावर मागवा. इंडक्शन फर्नेसच्या फाउंड्रीचा कार्बनचा हिशेब हा जवळजवळ पूर्णपणे विजेच्या बिलाचा हिशेब आहे.

आणि त्या बिलातच पहिली चूक होते. महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून एचटी (उच्चदाब) ग्राहकांना केव्हीएएचवर बिल येतं. आकारणी ज्या युनिटवर झाली तो आकडा ठळक असतो, म्हणून अकाउंटंट तोच उचलतो. पण ग्रिडचा गुणांक केडब्ल्यूएचसाठी, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेल्या विजेसाठी आहे. बिलात दोन्ही आकडे असतात, आपल्याला केडब्ल्यूएच हवा. पॉवर फॅक्टर (केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच) ०.९७ असेल तर वरच्या उदाहरणात हा फरक १.३४ लाख युनिटचा होतो, म्हणजे न निघालेले ९७ टन तुम्ही स्वतःच्या नावावर लिहून घेता. वर्षभराच्या डिझेलच्या तिप्पट. ही चूक मी इतक्या शीटमध्ये पाहिली आहे, की आता सर्वांत आधी तीच शोधतो.

छतावर सोलर असेल तर दुसरी चूक तयारच असते. नेट मीटरिंगच्या बिलात ग्रिडला दिलेली वीज वजा होऊन आलेली असते. ग्राहक एकूण ऊर्जावापर विचारतो तेव्हा ग्रिडमधून आलेले युनिट, अधिक सोलरने बनवलेले, वजा ग्रिडला दिलेले, असा हिशेब करायचा. तो गिगाज्यूलमध्ये मागितला असेल तर हजार युनिट म्हणजे ३.६ गिगाज्यूल. वरचे ४३.२ लाख युनिट १५,५५२ गिगाज्यूल होतात. स्कोप २ ला मात्र ग्रिडमधून प्रत्यक्ष आलेले युनिटच लावायचे. जुळतंय का ते पाहायला इन्व्हर्टरचे महिन्याचे आकडे लागतात आणि ते कुणी जपून ठेवलेले नसतात. सोलरवाल्याच्या ॲपमधून बारा महिन्यांचा तक्ता आजच काढून ठेवा.

तुमच्याकडे क्युपोला (कोकवर चालणारी भट्टी) नाही, पण हे वाचणाऱ्या काहींकडे अजून असेल. त्यांचं चित्र उलटं असतं. वीज कमी आणि कोक जास्त, म्हणून सगळा भार स्कोप १ वर. एक टन कोक जाळला की त्यातल्या राखेच्या प्रमाणानुसार अडीच ते तीन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. सोबत टाकलेल्या चुनखडीचाही निघतो, टनामागे सुमारे ०.४४ टन. ती इंधन नाही म्हणून विसरली जाते.

यानंतर प्रश्न येतो हद्दीचा. कोल्हापुरात हे फार आहे: एका प्लॉटवर वडिलांच्या नावाची फाउंड्री, शेजारच्या शेडमध्ये भावाच्या नावाचं मशीन शॉप आणि वीज दोन्हीकडे एकाच मीटरवरून. मशीन शॉपचे युनिट कास्टिंगच्या माथी मारले तर तुमचा प्रतिटन आकडा विनाकारण फुगतो. मशीन शॉपच्या फीडरवर उपमीटर बसवा. तोपर्यंत मशीनचा लोड आणि चालू तास यांवरून अंदाज काढा, तो कसा काढला ते दोन ओळींत लिहा, आणि पुढच्या वर्षी तीच हद्द ठेवा. हद्द दरवर्षी बदलली की आकडे वर-खाली होतात आणि त्यांचं कारण कुणालाच सांगता येत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मला हे सगळं काम मोलाचं वाटतं, तिच्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी गोकुळ शिरगावच्या बाजूच्या एका फाउंड्रीत मी रात्रपाळीला फर्नेसच्या प्लॅटफॉर्मवर उभा होतो. हीट, म्हणजे एका खेपेचा वितळलेला धातू, तयार झाली होती. फर्नेसवाल्या मामांनी नमुना काढून पोराच्या हातात दिला, पोरगा लॅबकडे पळाला. लॅबचा माणूस जेवायला गेला होता. धातू तयार, लॅडल तापलेली, मोल्ड मांडलेले आणि फर्नेस होल्डवर, म्हणजे धातू नुसता गरम ठेवत. तोंडावरचं झाकण बाजूच्या रेलिंगला टेकवून ठेवलेलं, त्याच्या कडेला जेवणाचे डबे गरम करायला लावलेले. धातूचा लालपिवळा उजेड वरच्या पत्र्यांवर पडत होता. म्हणजे तेवढी उष्णता पैसे मोजून छताला चालली होती. मी पॅनेलवरच्या मीटरचा आकडा हातावर पेनाने लिहून घेतला. पस्तीस मिनिटांनी रिपोर्ट आला तेव्हा पुन्हा लिहिला. फरक चव्वेचाळीस युनिटचा. एका हीटला, काहीही न वितळवता.

मग आम्ही मामांची वही उघडली. कोपरे तेलकट झालेली, हीट नंबर, चार्जचं (भट्टीत टाकलेल्या मालाचं) वजन, सुरू झाल्याची वेळ, टॅपिंगची वेळ, युनिट, सगळं पेन्सिलीने नीट लिहिलेलं. वीस वर्षं ते इमानाने लिहीत होते आणि ती वही ऑफिसात कुणी उघडली नव्हती. तिच्यात आम्ही एकच रकाना वाढवला: थांबा. किती मिनिटं आणि कशासाठी. महिनाभरात दिसलं, की निम्म्याहून जास्त थांबे लॅबचे आणि क्रेनचे होते. फर्नेसचा दोष नव्हताच. जेवणाच्या वेळा बदलल्या, झाकण बंद ठेवायची सवय लावली, गंजलेलं आणि वाळू चिकटलेलं रिटर्न (पुन्हा वितळवायचे उरलेले तुकडे) शॉट ब्लास्ट करूनच चार्जमध्ये टाकायचं ठरवलं. तीन महिन्यांत वितळवण्याचे प्रतिटन युनिट पाच-सहा टक्क्यांनी उतरले. एक रुपयाचं यंत्र आणलं नव्हतं.

म्हणून म्हणतो, ही शीट ऑफिसात भरू नका, फर्नेसवर भरा. इंडक्शन फर्नेसला एक टन धातू वितळवायला चांगल्या फाउंड्रीत साडेपाचशे ते सहाशे युनिट लागतात, ढिल्या फाउंड्रीत सातशेपर्यंत जातात. तुमचा आकडा कुठे आहे हे तुम्हाला आज माहीत नसेल, तर ग्राहकापेक्षा तुम्हालाच तो जास्त हवा आहे.

यील्डचंही, म्हणजे वितळवलेल्यातलं किती चांगलं कास्टिंग झालं त्याचंही, तसंच. ग्राहक प्रतिटन उत्सर्जन मागतो ते विकलेल्या चांगल्या कास्टिंगवर. पण वीज खर्च होते वितळवलेल्या प्रत्येक टनावर, रनर-रायझर (साच्यातल्या वाटांत उरलेला धातू) आणि रिजेक्शन धरून. यील्ड ६० टक्के असेल तर एका चांगल्या टनासाठी १.६७ टन वितळवावं लागतं, ६५ टक्के असेल तर १.५४. टनाला ६२० युनिट धरले तर फक्त या पाच टक्क्यांत चांगल्या टनामागे सुमारे ८० युनिट वाचतात. तुमच्या ३६०० टनांवर ते २.८६ लाख युनिट होतात, म्हणजे २०८ टन कार्बन डायऑक्साइड. नऊ रुपये दर धरला तर वर्षाचे पंचवीस लाखांहून जास्त. मेथडिंगवाला (धातू साच्यात कसा भरायचा ते ठरवणारा) रायझर लहान करतो तेव्हा तो उत्सर्जनच कमी करत असतो. त्याच्या कामाची नोंद या शीटमध्ये आली पाहिजे.

स्कोप ३ मध्ये पहिल्या वर्षी दोनच गोष्टी धरा: पिग आयर्न आणि आत-बाहेरची वाहतूक. ब्लास्ट फर्नेसमध्ये बनलेल्या पिग आयर्नच्या एका टनामागे दीड-दोन टन किंवा त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड आधीच निघालेला असतो. स्क्रॅपला मात्र या हिशेबात आधीच्या आयुष्यातला कार्बन सहसा लावत नाहीत, फक्त गोळा करण्याचा आणि आणण्याचा लावतात. तुमच्या चार्जमध्ये सीआरसी स्क्रॅप (पत्र्याचं भंगार) आणि कार्बुरायझर (कार्बन वाढवायची पूड) जास्त, पिग कमी असेल तर ती मोठी जमेची बाजू आहे. चार्ज मिक्सचा महिन्याचा तक्ता शीटला जोडा. कोणत्याही सल्लागाराच्या सुंदर परिच्छेदापेक्षा तो तक्ता जास्त बोलतो.

पाणी, कचरा आणि माणसं. पाण्यासाठी एमआयडीसीचं बिल आहे. कचऱ्यासाठी तुम्ही प्रदूषण नियंत्रण मंडळाला दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत फॉर्म पाचमध्ये पर्यावरण विवरणपत्र देताच, आणि घातक कचऱ्याचा फॉर्म चार ३० जूनपर्यंत. ग्राहकाच्या शीटमधले आकडे आणि या फॉर्ममधले आकडे जुळलेच पाहिजेत. तपासणारा पहिल्यांदा हीच दोन कागदं शेजारी ठेवतो. टाकाऊ वाळूचं वजन ट्रॉलीच्या खेपा मोजून लिहू नका, वजनकाट्याच्या पावत्या ठेवा. महिला कर्मचारी, पगार, पीएफ ही माहिती पगारपत्रकातून अर्ध्या दिवसात निघते.

अपघातांवर मात्र थांबतो. बहुतेक शीटमध्ये इथे शून्य असतं. पद्धत अशी आहे: ज्यामुळे माणसाची पाळी बुडली असे अपघात, गुणिले दहा लाख, भागिले सगळ्यांच्या कामाचे एकूण तास. तुमच्याकडे १२० माणसं वर्षाला २४०० तास काम करत असतील तर २.८८ लाख तास झाले. एक अपघात धरला तरी दर ३.४७ येतो. हजारो माणसांच्या कारखान्याशेजारी तो मोठा दिसतो, म्हणून लोक घाबरून शून्य लिहितात. आणि फेटलिंगची, लोडिंगची माणसं ठेकेदाराची म्हणून मोजतच नाहीत. अहो, फाउंड्रीत डोळ्यात कण जातो तो फेटलिंगवाल्याच्या, पायावर मोल्डिंग बॉक्स पडतो तो ठेक्याच्या पोराच्या. त्यांना वगळून काढलेला शून्य हा खोटा आकडा आहे, आणि ईएसआयसीकडे गेलेल्या अपघाताच्या अहवालाने तो एका मिनिटात उघडा पडतो. ठेक्याची माणसं धरा, त्यांचे तास धरा, अपघात लिहा आणि शेजारी नंतर काय केलं तेही लिहा: गॉगल दिले, बॉक्सचे ट्रुनियन (उचलायचे खुंट) बदलले, क्रेनचे हूक तपासले. आकडा मोठा असूनही ज्यांनी असं लिहिलं त्यांचं काम गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

याच बीआरएसआरमध्ये तुमच्या उपयोगाचीही एक ओळ आहे. तुमच्या ग्राहकाला स्वतःच्या अहवालात तो पुरवठादारांचे पैसे सरासरी किती दिवसांनी देतो, हे सांगावं लागतं. लघु-मध्यम उद्योगांकडून किती टक्के माल घेतो तेही. त्यांचा वार्षिक अहवाल त्यांच्या वेबसाइटवर आहे. त्यातल्या बीआरएसआरमध्ये पहिल्या तत्त्वाखाली देय दिवसांचा आकडा शोधा आणि तुमच्या खात्यावरच्या दिवसांशी ताडून पाहा. पुढच्या बैठकीत ऊर्जाबचतीचा विषय निघाला की हाही विषय नम्रपणे काढा. तुमचे पैसे ४५ दिवसांत आले तर नवी फर्नेस घेणं सोपं जाईल, हे त्यांच्या सस्टेनेबिलिटी विभागाला समजावून सांगण्यासारखं आहे. हिशेब दोन्ही बाजूंनी मागता येतो.

युरोपच्या सीबीएएमबद्दलही, म्हणजे तिथे आयात होणाऱ्या मालावरच्या कार्बन शुल्काबद्दलही, तुम्ही विचारलंत. १ ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती देण्याचा टप्पा होता. १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा टप्पा सुरू झाला. पण तो सगळ्या लोखंडी मालाला लागत नाही, कस्टमच्या ठराविक कोडना लागतो. नट-बोल्टचा ७३१८, पाइप फिटिंगचा ७३०७ आणि 'लोखंडाच्या इतर वस्तूं'चा ७३२६ त्यात आहेत. तुम्ही थेट युरोपला माल पाठवत नाही, तुमचं कास्टिंग गाडीचा भाग होऊन जातं, त्यामुळे आज तुमच्यावर त्याचा थेट बोजा नाही. थेट निर्यात करणाऱ्यांनी मात्र आपला आठ आकडी कोड सीएचएकडून (कस्टमच्या एजंटकडून) लेखी घ्यावा. एका आकड्याच्या फरकाने माल यादीत येतो किंवा सुटतो. युरोपच्या बाकीच्या अहवाल-नियमांची व्याप्ती २०२५ पासून कमी करायला घेतली गेली, म्हणून ग्राहकांच्या शीट आता थांबतील, असं काही जण म्हणतात. तसं समजून बसू नका. प्रश्न कमी होतील, पण विजेचा आणि कास्टिंगच्या कार्बनचा प्रश्न राहील.

आकडे वाईट आले तर काम जाईल का? पहिल्या वर्षी नाही. पहिल्या वर्षी ग्राहकालाही पाया हवा असतो, पुढे काय घटलं ते मोजायला. तिसऱ्या वर्षीही आकडा तिथेच असेल आणि शेजारच्या फाउंड्रीचा दहा टक्क्यांनी उतरला असेल, तेव्हा मात्र नव्या पार्टच्या कोटेशनला अडचण येईल. म्हणून पहिल्या वर्षी चांगलं दिसण्यासाठी आकडा दाबणं हे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं आहे. दाबलेल्या आकड्यावरून पुढची घट दाखवणार कशी?

यंत्रं बदलायची असतील तर केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची (बीईई) अदिती योजना पाहा. जुलै २०२५ मध्ये ती सुरू झाली. ऊर्जाबचतीच्या यंत्रांसाठी घेतलेल्या कर्जावर सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ५ टक्के, मध्यम उद्योगांना ३ टक्के व्याजसवलत आहे आणि निवडलेल्या चौदा क्षेत्रांत फाउंड्री आहे. पण तिथेही आधी ऊर्जा तपासणी लागते, आणि तपासणीला लागणारे आकडे तेच आहेत, जे तुम्ही आता या शीटसाठी गोळा करणार आहात.

चार लाखांचा सल्लागार यंदा घेऊ नका. तुमच्या आकाराच्या फाउंड्रीला पहिल्या वर्षी एक्सेल येणारा एक माणूस, फर्नेसवाले मामा आणि तुम्ही, एवढे पुरता. पहिला आठवडा कागदांचा: बारा विजेची बिलं, डिझेल आणि गॅसच्या पावत्या, सोलरचा तक्ता, डिस्पॅचचं वजन, पगारपत्रक, मंडळाचे दोन फॉर्म. दुसरा आठवडा फर्नेसच्या वहीचा: महिन्याला किती वितळलं, किती चांगलं निघालं, किती युनिट लागले. तिसरा आठवडा भरण्याचा. शीटमधल्या प्रत्येक आकड्याला नंबर द्या आणि त्याच नंबरच्या फोल्डरमध्ये त्यामागचा कागद ठेवा. कोणत्या वर्षाचा कोणता गुणांक वापरला तेही त्यातच लिहा, कारण प्राधिकरणाचा आकडा दरवर्षी बदलतो आणि पुढच्या वर्षी तुमच्यात काहीच न बदलता उत्सर्जन वर-खाली दिसू शकतं. भरून झालं की शीट अकाउंटंटने नव्हे, प्रॉडक्शनच्या माणसाने वाचावी. एखादा आकडा दहापट चुकला असेल तर तो त्यालाच खटकतो. किलो आणि टनांची गफलत मी अशीच दोनदा पकडली आहे, दोन्ही वेळा फर्नेसच्या माणसामुळे.

आणि जिथे मोजलेलं नाही आणि अंदाजालाही आधार नाही, तिथे आकडा ठोकू नका. 'मोजलेले नाही, अमुक तारखेपासून मीटर बसवला आहे' असं लिहा. तुमच्या बोअरवेलचं पाणी मोजलं जात नाही, असं तुम्ही म्हणालात. पाइपवर मीटर बसवायला प्लंबरला एक दिवस पुरतो. शीट पाठवायच्या आधी तो बसवून घ्या, म्हणजे त्या रकान्यात तारीख लिहिता येईल.